दारचा समुद्र आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोची येथे दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी ‘सागरविज्ञानाचे शिक्षण व त्यातून मिळणारे व्यवसाय’ हा विषय आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालेले. सारी नोकरी केंद्र सरकारच्या लेखा विभागात जमाखर्च तपासण्यात गेली. समुद्राच्या शास्त्राविषयी आम्ही काय बोलणार? त्यावर चिटणीस म्हणाले, “शास्त्र सांगणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही पालक म्हणून बोला.” तेव्हा मात्र आम्हांस माघार घेता येईना. कारण या विषयात पालकाने काय करू नये, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे.

आमचे मूळ गाव माणदेशात. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आमच्या लहानपणी वडील मृग लागला की ओसरीवर बसून नैऋत्येकडे पाहत असत. समुद्र आम्ही पहिल्याने पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी, मुंबईस नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा. पुढे बदल्यांच्या फेऱ्यांत २०१२ साली येथे आलो आणि येथला पाऊस पाहून थक्क झालो. वडील ज्या पावसाची वाट पाहत असत, त्याच्या आगमनाची वर्दी हवामान खाते सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास या केरळच्या किनाऱ्यावरून देते, हे वर्तमानपत्रात वाचले होते. पण त्या पावसाचे पाणी या समोरच्या अरबी समुद्रावरून उचलले जाते, समुद्र किती तापला यावर त्या पावसाचे पुष्कळ अवलंबून असते, आणि माणदेशच्या बाजरीचे भवितव्य येथील लाटांशी असे जोडलेले आहे, हे आम्हांस आमच्या कन्येने शिकविले. आम्ही मात्र ते शिकावयास फार उशीर लावला.

कन्या २०१७ साली भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली आणि म्हणाली, “बाबा, मला सागरविज्ञानात एम. एस्सी. करायचे आहे.” आमच्या मनात आले, हा कोणता विषय? ‘मरीन’ हा शब्द ऐकला की आपल्या मंडळींना व्यापारी जहाजावरची नोकरी आठवते. आमच्या एका स्नेह्यांनी तर “मुलीला बोटीवर पाठवता की काय?” असे सरळच विचारले. आम्ही प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरू दिला नाही. बँकेच्या परीक्षांच्या शिकवणीत तिचे नाव घातले. तिने वाद घातला नाही. रोज सकाळी मुकाट्याने जाई आणि मुकाट्याने येई. त्या मुकेपणाला आम्ही आज्ञाधारकपणा समजलो.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ‘ओखी’ चक्रीवादळ आले. आपल्यापैकी अनेकांना ते दिवस आठवत असतील. चेल्लानमच्या वस्तीत समुद्र शिरला होता. आमच्या दाराशी मासळी घेऊन येणारी बाई तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली ती रिकाम्या हातांनी. तिचा धाकटा दीर वादळाच्या कितीतरी आधी खोल समुद्रात गेला होता आणि नौकेचा पत्ता नव्हता. कन्येला मल्याळम उत्तम येते. ती तिच्याशी बोलत होती. बाई पुन्हा पुन्हा एकच विचारी, “त्यांना कोणी सांगितले कसे नाही?” किनाऱ्यापासून फार दूर गेलेल्या नौकेशी ना दूरध्वनीचा संपर्क राहतो ना साध्या बिनतारी यंत्राचा, आणि हे वादळ कन्याकुमारीजवळ फार झपाट्याने प्रबळ झाले होते. हे सारे खरे. पण तिला त्याचा काय उपयोग?

पुढे बातमी आली की वादळात भरकटलेल्या, मुख्यतः केरळच्या, साठांहून अधिक नौका नऊशेंवर मच्छीमारांसह महाराष्ट्राच्या किनाऱ्याला, देवगडच्या बाजूस सुखरूप लागल्या आहेत. तिच्या दिराचा निरोप तेथूनच आला. बाई धावत आमच्याकडे आली. “देवगड कुठे आहे? तुमच्या लोकांत आहे ना?” कन्येने नकाशा काढून तिला देवगड दाखविले. बाईने त्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि किती वेळ ते उचललेच नाही. इतर अनेक घरी मात्र असा निरोप आला नाही.

त्या रात्री कन्या आम्हांस म्हणाली, “बाबा, मला हेच शिकायचे होते.” आम्ही काही उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या वर्षी अर्ज आम्ही स्वतः आणून दिला. पण तिचे एक वर्ष गेले ते गेलेच. ते आमच्या खात्यावर नावे पडले आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. सागरविज्ञान हा एक विषय नसून अनेक शास्त्रांचा मेळावा आहे, आणि पालकांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती हीच. लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी, पाण्याचे तापमान यांचा अभ्यास म्हणजे भौतिक सागरविज्ञान. येथे गणित व भौतिकशास्त्र हवे. पाण्याची क्षारता, त्यातील प्राणवायू, पोषकद्रव्ये व प्रदूषण पाहावयाचे ते रासायनिक सागरविज्ञान. डोळ्यांस न दिसणाऱ्या प्लवकांपासून देवमाशापर्यंतची जीवसृष्टी ही सागरी जीवशास्त्राची. आणि तळावरील गाळ, खनिजे व किनाऱ्याची झीज ही सागरी भूशास्त्राची. तेव्हा बारावीनंतर लगेच ‘सागर’ शब्द असलेली पदवी शोधत धावण्याचे कारण नाही. प्रथम मूळ विज्ञानाची पदवी पक्की करावी आणि पदव्युत्तर शिक्षणास समुद्राकडे वळावे, हाच बहुतेकांचा राजमार्ग आहे. पाया पक्का असला म्हणजे पुढे मन बदलले तरी मूल अडत नाही.

मत्स्यविज्ञानाचा मार्ग मात्र निराळा. त्यात बारावीनंतर चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे. ती आपल्या महाराष्ट्रात रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मिळते आणि येथे पनंगाड येथील मत्स्य व सागरी अभ्यास विद्यापीठातही मिळते. पदव्युत्तर अभ्यासासाठी मुंबईस वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

शिकावयाचे कोठे, याचे उत्तर आपल्यापैकी बरेचजण रोज बसमधून पाहतात. येथल्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचे सागरविज्ञान विभाग आपल्याच शहरात आहेत. विशाखापट्टणच्या आंध्र विद्यापीठात या अभ्यासाची परंपरा १९५० च्या दशकापासूनची. तामिळनाडूत परंगीपेट्टईस अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. गोवा विद्यापीठ आहे, आणि कारवारलाही सागरी जीवशास्त्र शिकविले जाते. म्हणजे मराठी माणूस पूर्व किंवा पश्चिम किनाऱ्यावर नोकरीनिमित्त कोठेही असो, समुद्राची शाळा त्याच्या घरापासून फार दूर नसते.

आणि या शास्त्राची आपल्या देशातील वाढही पाहण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे आणि एक शाखा आपल्या कोचीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ सालची. तिचे मुख्यालयही येथेच. १९९३ साली चेन्नईस समुद्रतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आली. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारे ‘मत्स्य ६०००’ हे यान तेथेच आकारास येत आहे. हैदराबादेस समुद्र नाही, पण १९९९ पासून महासागराची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र तेथे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ पासून त्सुनामीची पूर्वसूचनाही तेथूनच दिली जाते.

हेच केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य पाहून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे हे कोळीबांधवांना कळविते, आणि ती सूचना मराठीतही निघते. ओखीनंतर २०१९ साली दूर समुद्रातील नौकेवर उपग्रहामार्फत इशारा पोहोचविणारे ‘जेमिनी’ नावाचे एक छोटे उपकरणही निघाले. ती बातमी वाचली तेव्हा आम्हांस त्या मासळीवालीचा प्रश्न आठवला.

आता उपजीविका. संशोधन करावयाचे तर ‘नेट’ परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिछात्रवृत्ती मिळवावी लागते. २०२३ पासून ती सुरुवातीस दरमहा ३७,००० रुपये आहे आणि शिवाय घरभाडे. कृषी संशोधन सेवेची परीक्षा देऊन मत्स्य संस्थांत शास्त्रज्ञ होता येते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांस संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येते. त्याचा सागरी विभाग मंगळूरला आहे. नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा येथेच त्रिक्काक्करास आहे. याखेरीज राज्यांची मत्स्यखाती, कोळंबी-संवर्धन, निर्यातीच्या मासळीची तपासणी, बंदरांची व समुद्रातील तेलक्षेत्रांची पाहणी, किनाऱ्यावरील प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल, अशी खासगी क्षेत्रातील कामेही आहेत.

परंतु जमेची बाजू सांगून खर्चाची झाकणे आमच्या पेशास शोभणार नाही. या क्षेत्रात कायम जागा थोड्या आहेत. पीएच. डी. पर्यंत शिकावयाचे म्हटले तर तिशी गाठते. मधल्या काळात प्रकल्पावरील मुदतीच्या नेमणुका. मुदत संपली की पुन्हा मुलाखत. आमची कन्या आजही अशाच नेमणुकीवर आहे. संशोधन-नौकेवर गेले की आठवडेच्या आठवडे घराशी बोलणे अपुरे. पहिल्या सफरीत ती चार दिवस आडवी होती. पाचव्या दिवशी रात्री दोन वाजता उठून पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्या खाली सोडावयास उभी राहिली. हे सर्व ठाऊक करून घेऊन ज्याला जावेसे वाटते त्यानेच जावे. वैद्यकीय वा अभियांत्रिकीत प्रवेश हुकला म्हणून समुद्र, असे कोणी करू नये.

मुलीस बोटीवर कसे पाठवावे, असा प्रश्न ज्यांच्या मनात असेल त्यांना आम्ही एक नाव सांगू. नागपुरास जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातील डॉ. अदिती पंत या सागरशास्त्रज्ञ १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून तेथे जाणाऱ्या पहिल्या दोन महिला. ही गोष्ट चार दशकांपूर्वीची आहे. आम्ही मात्र २०१७ साली घरात बसून मुलीच्या बोटीची चिंता करीत होतो.

मित्रहो, आपण परमुलखातली माणसे. नोकरी येथे, मन गावी. समोरचा समुद्र आपण पाहुणे आले की दाखवावयाचा, एरवी तो दुसऱ्यांचा, असे मानून चालतो. येथला ‘अयला’ म्हणजे आपला बांगडा आणि येथली ‘मत्ती’ म्हणजे आपली तारली, एवढे बाजारात कळले की आपली ओळख संपते. पण २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावर चार लाख टनांच्या घरात सापडलेली ही तारली २०२१ साली काही हजार टनांवर का यावी, या प्रश्नाशी किती घरांची चूल बांधलेली आहे! हा प्रश्न सोडविणाऱ्यांत आपली मुलेही का नसावीत? येथे वाढलेल्या आपल्या मुलांना येथली भाषा येते. किनाऱ्यावरच्या माणसाशी ती बोलू शकतात. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याजवळ नसलेले हे भांडवल आहे.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती की मुलाने अनोळखी विषयाचे नाव घेतले तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी त्या विषयाची चौकशी करावी. येथली मत्स्य संशोधन संस्था आपल्या वर्धापनदिनाच्या सुमारास, फेब्रुवारीत, लोकांसाठी खुली असते. तेथे मुलांना घेऊन जावे, प्रयोगशाळा पाहाव्यात, तिथल्या तरुण संशोधकांस पगारापासून सर्व काही निःसंकोच विचारावे. आणि पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमची कन्या मंडळाच्या वाचनालयात दोन तास बसणार आहे. अर्ज, परीक्षा, पुस्तके यांविषयी ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी तिला विचारावे. आम्ही शेजारी बसून ऐकणार आहोत. बोलणार नाही, असे तिने आमच्याकडून कबूल करून घेतले आहे.