परसातली जुनी लष्करी जीप : आधी कागद, मग चेसीस, मग ब्रेक, इंजिन शेवटी



आज करप्यावर किंवा खोडकिड्यावर बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते परसात उभ्या असलेल्या जुन्या लष्करी जीपबद्दल. पनवेल, पेण, कर्जत भागात एखाद्या खळ्याच्या कडेला, आंब्याखाली अशी गाडी अजून दिसते. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटवर पालापाचोळा आणि मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली. घरातली तरुण मुलं म्हणतात, हिला पुन्हा चालती करू. म्हातारी माणसं म्हणतात, भंगारात द्या. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. निर्णय कसा करायचा आणि काम कोणत्या क्रमाने करायचं, हे आज पाहू.

या गाड्या आपल्याकडे आल्या कुठून? दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. लष्कराच्या हिशेबात ही पाव टनी गाडी. युद्ध संपल्यावर देशात शिल्लक राहिलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. आपल्या शेजारी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती, तिथेच पुढे उल्हासनगर वसलं. १९४९ पासून मुंबईत माझगावला महिंद्रा कंपनी विलीज जीप जोडू लागली. पुढे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात जोंगा तयार होऊ लागली. तेव्हा तुमच्या दारातली गाडी यांपैकी कोणती, हे आधी ओळखा. सगळ्यांनाच आपण जीप म्हणतो, पण सुटे भाग वेगवेगळे असतात.

आणि ही गाडी शेताला परकी नाही बरं का. युद्ध संपताच, १९४५ सालीच, विलीज कंपनीने शेतकऱ्यांसाठी जीप काढली होती. तिला नांगर जोडता येई, पट्ट्यावर यंत्रही चालवता येई. आज त्या कामाला ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आहेत. म्हणून जीप दुरुस्त केली की शेतीचा खर्च वाचेल, या भरवशावर राहू नका. तो हिशेब बसत नाही.

मग करायची कशाला? आपल्या पनवेल तालुक्यात १९७० नंतर नव्या मुंबईसाठी आणि अलीकडे विमानतळासाठी पुष्कळ जमिनी गेल्या. काही घरांत शेत गेलं, खळं गेलं आणि वडिलांच्या हातची एवढी जीप राहिली. तिला जपावंसं वाटणं काही गैर नाही. पण जमिनीचा मोबदला म्हणजे पुन्हा न उगवणारं पीक. तो गाडीत ओतू नका. हौसेला मर्यादा घाला. भाताचं बियाणं, खत, मुलांची फी आणि घरखर्च बाजूला काढून जे उरेल, त्यातूनच हे काम करा. कर्ज काढून तर मुळीच नको. पहिल्या दिवसापासून एक वही घाला आणि नटबोल्टपासून मिस्त्रीच्या मजुरीपर्यंत सगळं लिहा.

आता पहिलं काम. पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्या. नोंदणी पुस्तक कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल तर सातबाऱ्यावर वारसनोंद करतो तशी इथेही करावी लागते. वारसांनी नमुना ३१ भरून परिवहन कार्यालयात अर्ज करायचा असतो. मालक वारल्यापासून तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा नियम आहे. मुदत कधीच उलटून गेली असेल तर पुढे काय करावं लागेल हे पनवेलच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. लष्कराच्या लिलावातून थेट घेतलेल्या गाडीची नोंदणी करताना लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला नमुना २१ मधला विक्रीचा दाखला लागतो. मग चेसीसवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने हळूच साफ करा आणि पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहा. नंबर जुळत नसेल तर तिथेच थांबा. विकत घेणाऱ्याने तर अशा गाडीसमोर उभंही राहू नये.

दुसरी गोष्ट. गाडी रोज वापरायची की जपून ठेवायची, हे आधीच ठरवा. २०२१ साली निघालेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठरली आणि मुदत दहा वर्षांची. पण ही गाडी रोजच्या येण्याजाण्याला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. शिवाय चेसीस, बॉडी आणि इंजिन मूळचंच हवं. पुष्कळांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं. तशा गाडीला ही सवलत मिळणं कठीण. बदललेल्या इंजिनाची नोंद पुस्तकात झाली आहे की नाही, तेही बघा.

रंगाबद्दलही आताच सांगतो. लष्करी गाडी म्हणून तिला लष्करी हिरवा रंग द्यायची पोरांना भारी हौस असते. मोटार वाहन नियमांत तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. दुसरा कोणताही रंग निवडा आणि पुस्तकात त्याची नोंद करा.

कागद झाले, आता गाडीकडे वळू. भातकापणी आणि झोडणी उरकली की कामाला लागा आणि मिरगाच्या आत जेवढं होईल तेवढं करा. उघडी पडलेली गाडी पावसात सापडली तर चार महिन्यांत केलेलं सगळं वाया जातं. वर पत्र्याचं छप्पर हवं, खाली कोरडी जमीन. गोठ्यात मात्र गाडी ठेवू नका. गुरांच्या मुताची दमट हवा लोखंड, तांबं, पितळ सगळ्यांनाच खाते.

गाडी उचलताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. जमिनीवर राहिलेल्या चाकांना उटी लावा, चेसीसखाली भक्कम घोडी किंवा रुंद ओंडके द्या, मगच आत जा. चाकाचे नट खोलताना एक ध्यानात ठेवा. युद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असतात. नेहमीसारखं फिरवाल तर सुटायच्या ऐवजी आणखी आवळतील आणि बोल्ट तुटेल. काही लष्करी चाकांच्या रिंगा दोन भाग बोल्टने जोडून केलेल्या असतात. आतली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या बोल्टांना हात लावू नका. भरल्या हवेने रिंग उडाली तर माणूस जागीच जाईल.

आता चेसीस. हिचा कणा शाबूत असेल तरच पुढचा खर्च करायचा. आपल्याकडे पाऊस भरपूर, त्यात खाडीचा खारा वारा. गंज वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. लहान हातोडीने चेसीस ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की तिथे पत्रा पोखरलेला समजा. पाटे जिथे अडकवले आहेत त्या जागा, मागची आडवी पट्टी आणि फरशीखालच्या पन्हळी नीट तपासा. जुन्या जीपच्या या पन्हळींत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात आणि पत्रा आतून कुजतो. एखाददुसरी जागा गेली असेल तर कळंबोलीच्या लोखंड बाजारातून त्याच जाडीचं लोखंड आणून चांगल्या वेल्डरकडून तुकडा बसवा. पण कणाच दोन-तीन ठिकाणी खचला असेल तर मोह सोडा. गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, नोंदणी रद्द करून घ्या आणि आठवण म्हणून स्टेअरिंगचं चाक घरी ठेवा.

जुना रंग खरवडताना तोंडाला मास्क हवाच. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, पाणी मारून घासा आणि पोरांना लांब ठेवा. गंज निघाला की त्याच दिवशी रेड ऑक्साईडचा हात द्या. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल.

यानंतर ब्रेक. इंजिन नंतर. पुष्कळ जण उलटं करतात. इंजिन सुरू झालं की आनंदाने गाडी वाडीबाहेर काढतात आणि उतारावर कळतं की ब्रेक नाहीत. या जीपला चारही चाकांना तेलाचे ब्रेक आहेत, पण तेलाची वाट एकच. एका चाकाशी रबर फाटलं की चारही ब्रेक गेले. म्हणून सगळी रबरं आणि होज नवे घाला, नळ्या गंजल्या असतील तर बदला. ब्रेकमध्ये ब्रेक ऑईलच घाला. इंजिनचं तेल घातलं तर रबर फुगतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून पावसाळा झाला की दर वर्षी बदला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पेट्रोलची टाकी विलीजमध्ये चालकाच्या सीटखाली असते. म्हणजे गळती झाली तर तुम्ही आगीवरच बसलेले. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते. तिला घरी वेल्डिंग कधीही करू नका. भोक पडलं असेल तर टाकी बदला.

आता इंजिन. विलीजचं इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं, साठ अश्वशक्तीचं. साधं आणि दणकट. वर्षानुवर्षं उभं राहून जाम झालं असेल तर गाडी ओढून सुरू करायचा प्रयत्न करू नका, आतले भाग मोडतील. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑईल मिसळून ओता आणि दोन-चार दिवस मुरू द्या. मग प्लग काढलेलेच ठेवून हँडलने हळूहळू मागेपुढे हलवा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन सुरू करताना हँडलने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. बॅटरीही बघून लावा. युद्धातल्या जीपची वायरिंग सहा व्होल्टची आहे, ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी सरळ जोडाल तर बल्ब आणि कॉईल जळतील.

सुटे भाग आणायला मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला जाल, तेव्हा जुना भाग पिशवीत घालून न्या. महिंद्राच्या जुन्या जीपचे बरेच भाग विलीजला लागतात, पण सगळे नाहीत. शेजारी ठेवून, मोजून घ्या. खोललेला प्रत्येक नट डब्यात घालून त्यावर चिठ्ठी लावा. पुढल्या हंगामात आठवत नाही.

गाडी चालू झाली की शेवटचं एक सांगणं. चार चाकांचा गिअर चिखल, वाळू, ओला चढ यासाठी आहे. सुक्या डांबरी रस्त्यावर तो घालून वळाल तर पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण होऊन गिअर आणि क्रॉस तुटतात. गाडी अरुंद आहे, बांधावरून तिरकी नेलीत तर उलटते. पाव टनी गाडीवर पाव टनापेक्षा जास्त ओझं लादू नका.

काम एका हंगामात संपलं नाही तरी हरकत नाही. भात तयार व्हायला चार महिने लागतात, ही गाडी दोन वर्षं घेईल. घाईने रंगवलेली गाडी एका पावसात उघडी पडते. क्रमाने केलेली गाडी नातवाच्या हाती जाते.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. नंबर आणि पुस्तक जुळल्याशिवाय एक रुपयाही घालू नका.
२. चेसीस खचलेली असेल तर काम सोडून द्या.
३. ब्रेक झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.
४. घोडी दिल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.
५. लष्करी हिरवा रंग देऊ नका.
६. शिलकीतून खर्च करा, कर्जातून किंवा जमिनीच्या मोबदल्यातून नाही.