खेळाने घर वर येते का?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. बोलायची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघीतिघींनी मला विचारले, "वहिनी, मुलगा शाळा सोडून कबड्डीच खेळतो म्हणतो. घालावे का?" तेव्हा वाणाचे ताट हातात होते, उत्तर राहून गेले. ते आज देते.

माझे माहेर कऱ्हाडकडचे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट ऐकतच आम्ही वाढलो. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. जायला पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. परत आले तेव्हा बैलगाड्यांची केवढी मिरवणूक निघाली! पण मिरवणुकीने चूल पेटत नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले, तेव्हा महिन्याचा पगार सुरू झाला. पदक आधी, भाकरी तीन वर्षांनी.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंचे उलटे झाले. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, बारावी होऊन सैन्यात भरती झाला. पळण्याच्या शर्यतीतले नाव पुढे सैन्यात असतानाच झाले, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक मिळाले.

आता टीव्हीवरची कबड्डी. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या गल्लीतल्या पोरांची झोप उडाली. चंदगडकडच्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१९च्या लिलावात १ कोटी ४५ लाख मिळाले. खोटे नाही ते. पण मी हिशेबाला बसले. संघ बारा, एका संघात फार तर पंचवीस गडी. म्हणजे साऱ्या देशातून तीनशे, त्यात काही परदेशी. आपल्या एका तालुक्यातच चड्डी घालून मैदानात उतरणारी पोरे किती असतील, तुम्हीच मोजा.

आमचा थोरला त्यांतलाच. अकरावीत त्याने कॉलेज सोडले. हे नको म्हणत होते, मीच त्याची बाजू घेतली. राज्य पातळीपर्यंत खेळला, आणि एका सामन्यात गुडघा गेला. ऑपरेशन, मग आठ महिने घरात. बरा झाल्यावर पोलीस भरतीचे पाहू म्हटले. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात, हे मला तेव्हा कळले. पण शिपाई व्हायलाही बारावी लागते. प्रमाणपत्रांची पिशवी भरलेली, आणि जे एक हवे तेच नाही! शेवटी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसला, पास झाला. आता भरतीसाठी पहाटे पळतो. गुडघा किती साथ देतो ते बघायचे.

आणखी एक सांगते, सांगायला लाज वाटते. तो खेळत होता तेव्हा घरात एक लिटर दूध यायचे. चहापुरते ठेवून बाकी सगळे त्याला. बदाम त्याला, अंडी त्याला. धाकटी पाठोपाठची, तिने कधी मागितले नाही, मीही कधी विचारले नाही. गेल्या वर्षी तिच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "मुलगी चढाई चांगली करते, पण अंगात रक्त नाही." मी त्यांना चहा द्यायचेही विसरले.

मुलींना तो कोटीचा लिलाव नाही. २०१६ साली मुलींचे तीन संघ करून थोडे सामने खेळवले होते. तरी मी तिला अडवलेले नाही. संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास, आणि दूध दोघांना सारखे, एवढेच ठरवले आहे. दहावीचे वर्ष आहे. शेजारच्या काही जणींना तिची हाफपँट खटकते, त्यांनी माझ्याशी बोलावे, तिच्याशी नको.

येत्या रविवारी पाच वाजता शाळेमागच्या मैदानात तिचा सामना आहे. मी सतरंजी घेऊन जाणार आहे, ज्यांना सवड असेल त्यांनी या.