शिवसागराच्या काठी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस प्रवासावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. या सभागृहात असे अनेक आप्त बसले आहेत की ज्यांची मुले परदेशी आहेत, आणि ज्यांनी झुरिक शहराचे सरोवर व आल्प्सची हिमशिखरे प्रत्यक्ष पाहिली आहेत. आम्ही आल्प्स पाहिला तो वर्गाच्या भिंतीवरील नकाशात, तपकिरी रंगाचा. तथापि ‘एकदा तरी तळ्याकाठी आणि डोंगरात घेऊन चला’ असा आमच्या मंडळींचा तीस वर्षांचा तगादा होता. निवृत्तिवेतनाच्या मानाने आल्प्स फार दूर होता. सातारा जवळ होता. म्हणून गेल्या आश्विनाच्या आरंभी आम्ही उभयता सांगलीहून निघालो. त्या चार दिवसांची हकीकत सांगावयाची आहे, आणि तिच्या ओघात एक कबुलीही द्यावयाची आहे.

प्रथम खर्चाचे बोलू, कारण पुष्कळांचे पाऊल तेथेच अडते. एस.टी.त पासष्टी ओलांडलेल्यांना निम्मे भाडे पडते. 2023 सालापासून सर्व स्त्रियांनाही निम्मेच. म्हणजे उभयतांचा प्रवास एकाच्या भाड्यात झाला. ज्यांनी पंच्याहत्तरी गाठली आहे त्यांना तर 2022 पासून भाडेच नाही. त्यांनी घरी बसण्यास कोणतीही सबब उरलेली नाही! साताऱ्यास साडूंच्या घरी उतरलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. दिवाळीची गर्दी सुरू व्हावयाची होती, म्हणून पुढे महाबळेश्वरासही स्वच्छ खोली माफक दरात मिळाली.

दुसऱ्या दिवशी यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठारावर गेलो. तेथे रोज ठराविक लोकांनाच सोडतात, म्हणून नातवाकडून आगाऊ नोंदणी करून घेतली होती. जांभ्या दगडाच्या त्या सड्यावर माती ती केवळ बोट-दोन बोटे. तेवढ्यात तेरडा, सोनकी, गेंद उगवतात, आणि ओल आटण्यापूर्वी फुलून बी धरतात. मातीत कस नाही, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू या नाजूक वनस्पती बारीक जीव पकडून आपली भूक भागवितात. आल्प्सच्या कुरणांतील फुलांनाही अशीच घाई असते म्हणतात. तिकडे भय बर्फाचे, इकडे भय कोरडेपणाचे. 2012 साली हे पठार जागतिक वारशात गणले गेले. शेजारच्या कास तलावाचे पाणी सातारा शहर पिते. आमच्या मंडळी ते पाहून एवढेच म्हणाल्या, “एवढे जवळ होते, आणि तुम्ही आत्ता आणलेत!” आम्ही निरुत्तर झालो.

कासहून पुढे बामणोलीस उतरलो. समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, काठोकाठ भरलेला. हिरव्या डोंगरांच्या मधून निळे पाणी दूरवर गेलेले. तापोळ्याकडे जाणाऱ्या नावेत बसलो. आल्प्सच्या सरोवरांची चित्रे आम्हांस आठवू लागली, आणि आम्ही शेजारच्या वृद्ध गृहस्थांपाशी त्या शोभेची मुक्तकंठाने स्तुती केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग पाण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “मास्तर, ह्याच्या खाली आमची वाडी हाय. मी धा वर्साचा व्हतो. घराचा आढा आणि दारं काढून घेतली. चिचंचं झाड तेवढं ऱ्हायलं.”

बंधुभगिनींनो, कबुली ती हीच. आम्ही एकतीस वर्षे भूगोल शिकविला. कोयना धरणाची उंची 103 मीटर, साठा सुमारे 105 अब्ज घनफूट, बोगद्यातून पश्चिमेस वळविलेले पाणी, पोफळीचे भूमिगत वीजगृह, 11 डिसेंबर 1967 चा भूकंप, हे सारे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतले. ज्याच्या उत्तरात एक आकडा चुकला त्याचा गुण कापला. परंतु त्या पाण्याखाली गेलेल्या एकाही वाडीचे नाव आम्ही कधी फळ्यावर लिहिले नाही. आम्हांस ते ठाऊकही नव्हते.

आल्प्समध्ये, इटलीच्या उत्तर सीमेवर, रेशिया नावाचे सरोवर आहे. 1950 साली धरणाच्या पाण्यात कुरोन हे गाव बुडाले. त्याच्या जुन्या देवळाचा घंटामनोरा आजही पाण्यातून वर दिसतो. पाहणारास विचारावेच लागते की, खाली काय आहे? शिवसागरात असा मनोरा नाही. येथे तो प्रश्न आपण होऊन विचारावा लागतो.

तापोळ्याहून महाबळेश्वरास गेलो. 1842 साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधविलेले वेण्णा तळे पाहिले आणि क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात पोहोचलो. गोमुखातून पडणारी ती ओंजळभर धार आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. कृष्णा आणि कोयना दोघींचाही उगम तेथलाच मानतात. कऱ्हाडास त्या पुन्हा भेटतात आणि एक होऊन आपल्या सांगलीच्या घाटावर येतात. 2019 च्या ऑगस्टात तेच पाणी आमच्या ओसरीवर चढले होते. आठ दिवस आम्ही परक्या घरी काढले, आणि परत येऊन चिखलात भिजलेली पुस्तके वेचताना डोळ्यांस पाणी आले. आठ दिवसांत आमची ही अवस्था. मग ज्यांच्या घरावरून पाणी कधी उतरलेच नाही त्यांचे काय झाले असेल? ती माणसे आपल्या सांगली-सोलापुरापासून ठाणे-रायगडापर्यंत पांगली. त्यांच्या त्यागावर आपले दिवे लागले.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे. शरदातील अशी सहल दरवर्षी काढावी. ती कोणाच्याही खिशास पेलेल. मुलांना फुले दाखवावीत, पाणी दाखवावे, आणि नावेत बसल्यावर एखाद्या जाणत्यास आदराने विचारावे, “बाबा, खाली कोणती वाडी?” आणि मिळेल ते नाव मुलांनी वहीत लिहून आणावे. नावेतल्या गृहस्थांनी सांगितलेले नाव आम्ही घरी येताच आमच्या जुन्या नकाशावर शाईने लिहिले. निळ्या रंगावर ते थोडे पसरले आहे, परंतु वाचता येते.