पीएच.डी.साठी घर गहाण टाकू नका

(उधना येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील जळगाव-उधना लाइनच्या गाडीने इथे आले, मागावर उभे राहिले आणि इथलेच झाले. आता नातवंडे एम.एस्सी., एम.टेक. होत आहेत. परवा एक गृहस्थ आले. मुलाला परदेशात पीएच.डी. करायची, म्हणून राहते घर गहाण टाकायला निघाले होते. कुणा एजंटाने तसा हिशेब मांडून दिला होता. मी म्हटले, भाऊ, आधी बसा, चहा घ्या.

विज्ञान-तंत्रज्ञानातली पीएच.डी. बहुतेक ठिकाणी फी भरून करायची नसते. ती नोकरीसारखी असते. जर्मनीत एम.एस्सी., एम.टेक. झालेल्यांना विद्यापीठ करारावर घेते व ई-13 या सरकारी श्रेणीवर, बहुधा अर्ध्या-पाऊण वेळेचा, पगार देते. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांचा करार असतो. स्वीडन, नॉर्वेतही पगारच. अमेरिकेत बी.ई.नंतरही अर्ज करता येतो. फी माफ होते, विद्यावेतन मिळते, बदल्यात शिकवावे लागते किंवा प्रयोगशाळेत राबावे लागते. मात्र 2025 मध्ये तिथे संशोधनाचा सरकारी पैसा आटला आणि काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या. एकाच देशाकडे डोळे लावून बसू नका.

आपली अडचण निराळी आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना. आपण तीन पिढ्यांचे गुजरातवासी. इथे जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या गावचे कागद शोधत हिंडायचे. याबद्दल दोन्ही सरकारांकडे दाद मागू, मागत राहू. पण तोवर मुलांचे वय थांबत नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती कोणत्याही राज्यातल्या अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांतील मुलांना खुली आहे. वय 35 च्या आत, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत. आणि परदेशातला प्राध्यापक कुणाकडे रहिवासी दाखला मागत नाही!

सयाजीराव महाराज मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड. मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. म्हणून प्रवेशाचे पत्र आले की पेढे वाटण्याआधी विचारा: पैसे किती वर्षे, कोण देणार, फीसकट की फीशिवाय? ब्रिटनमध्ये तर प्रवेश मिळूनही पैसा मिळेलच असे नाही.

आपल्या मुलांना धागा कळतो, रंगाई कळते. आखेन, ड्रेस्डेन, अमेरिकेत रॅले इथे वस्त्रतंत्रावर मोठे संशोधन चालते. तिथल्या प्राध्यापकाचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचा आणि एक पानाचे पत्र लिहा: त्यातले काय पटले, आपण काय केले आहे, काय करू इच्छितो. एकच मजकूर शंभर जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. युरोपातल्या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर निघतात, वर्षभर. अमेरिकेचे अर्ज बहुधा डिसेंबरात संपतात, म्हणजे इंग्रजीची परीक्षा दिवाळीआधी उरका.

रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात बसेन. गुणपत्रिका आणि प्रबंध घेऊन या. घराचे कागद घरीच ठेवा.