अभयाचे घर : पीडित भगिनींसाठी निवारा आणि परदेशी सहकार्य
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



सती चंदनबाळेची कथा जैन घरातील प्रत्येक मुलाच्या कानावर बालपणीच पडते. भगवान महावीरांचा अवघड अभिग्रह, पाच महिने पंचवीस दिवसांचा उपवास आणि अखेर उडदाच्या बाकळ्यांनी झालेले पारणे, एवढा भाग सर्वांना तोंडपाठ असतो. परंतु त्या पारण्याच्या आधीचे तीन दिवस फारसे कोणी आठवत नाही. कौशांबीच्या धनावह शेठजींनी चंपानगरीच्या त्या राजकन्येला बाजारातून सोडवून आणले आणि पोटच्या मुलीसारखे सांभाळले. शेठजी परगावी जाताच त्यांच्या पत्नीने, मूलेने, तिचे मुंडण केले, पायांत बेड्या घातल्या आणि तिला कोंडून ठेवले. घर श्रीमंताचे होते, नोकरचाकर भरपूर होते. सर्वांना ठाऊक होते आणि सर्वजण गप्प होते. शेठजी परतल्यावर एका वृद्ध दासीने भीती बाजूला सारून खरे सांगितले, तेव्हा कुठे ते दार उघडले. पुढे हीच चंदनबाळा छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली.

श्वेतांबर परंपरेतील ही कथा सांगते की अत्याचार प्रतिष्ठित घरातही होतो, तो करणारी व्यक्ती घरचीच असते आणि सज्जन माणूस घराबाहेर असताना त्याचा चांगुलपणा उपयोगी पडत नाही. दार उघडणारे कोणीतरी लागते आणि दार उघडल्यावर जाण्यासाठी जागा लागते. आजच्या विषयाचे मूळ या दोन गरजांत आहे.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील सुमारे २९ टक्के विवाहित भगिनींनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. जे सांगितले गेले नाही, ते या आकड्यात नाही. ‘आपल्यात असे काही नसते’ असे म्हणण्याचा मोह प्रत्येक समाजाला होतो. वस्तुस्थिती अशी की व्यापारी समाजात घर आणि पेढी यांची अब्रू एकत्र बांधलेली असते. त्यामुळे लेकीचा अबोला अधिक दीर्घ होतो. माहेरी येऊन तोंड उघडलेच, तर वडीलधारी मंडळी समेट घडवून तिला परत पाठवितात. समेट ही चांगली गोष्ट आहे. परंतु जीवाची शाश्वती नसताना केलेला समेट हा व्यवहार नव्हे, ती हिंसेला दिलेली मुदत होय.

मुक्या जिवांसाठी जैन समाजाने काय केले, हे सांगण्याची गरज नाही. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालापासून उभा आहे. व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठराविक लाग बसवून अशा संस्था चालविल्या, म्हणजे जीवदया ही लहरीवर न सोडता तिला कायमचे उत्पन्न लावून दिले. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. मध्यरात्री मुलाला कडेवर घेऊन घराबाहेर पडलेल्या स्त्रीला मात्र त्या धर्मशाळेचा व्यवस्थापक नियमावर बोट ठेवून विचारतो, ‘सोबत कोण पुरुष आहे?’

निराधार स्त्रीसाठी घर उभारताना परदेशाचे साहाय्य घेण्याचा एक मोठा प्रयोग याच महाराष्ट्रात झाला. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. १८८७ साली त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली.

या योजनेची आर्थिक बांधणी व्यापाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. एखाद्या धनिकाची मोठी देणगी शोधण्याऐवजी ठिकठिकाणी ‘रमाबाई मंडळे’ स्थापन झाली. प्रत्येक सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर, तोही दहा वर्षे, देण्याचे वचन दिले. त्यामुळे संस्था सुरू होण्यापूर्वीच तिच्या दहा वर्षांच्या खर्चाची तजवीज झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. गोदूबाई ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. एका घराच्या दारातून दुसरे घर निघाले.

या इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि प्रत्येक मुलीला आपला आचार पाळता येईल, असे ठरले होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. कोणावरही सक्ती नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. हा विश्वासघात आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. वाद कोणी जिंकला हे बाजूला ठेवले, तरी किंमत मोजली ती त्या मुलींनी.

या अनुभवातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, परदेशी साहाय्य ठराविक मुदतीचे असावे आणि ती मुदत संपण्यापूर्वी स्थानिक उत्पन्न उभे राहिले पाहिजे. दुसरी, देणाऱ्याची आणि चालविणाऱ्याची अपेक्षा आरंभीच लेखी असावी. तिसरी, आश्रयाला आलेल्या स्त्रीची श्रद्धा ही कोणत्याही संस्थेची, अगदी जैन संस्थेचीही, मिळकत नव्हे. निवाऱ्याचे स्वयंपाकघर खुशाल सात्त्विक असावे, परंतु दार सर्व जातिधर्मांच्या भगिनींना उघडे हवे आणि सामायिकाला बसणे हा प्रवेशाचा नियम नसावा.

गेल्या पन्नास वर्षांत या कामाचे शास्त्र जगभर घडत गेले. लंडनच्या चिस्विक भागात १९७१ साली एरिन पिझी यांनी सुरू केलेले घर हे आधुनिक निवाऱ्यांपैकी आरंभीचे होय. अमेरिकेत न्यू जर्सी येथे १९८५ साली ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी स्थापन झाली आणि १९९७ साली तिने ‘आशियाना’ हे निवासगृह उघडले. लग्न होऊन परदेशी गेलेल्या लेकीला तेथे भाषा परकी, व्हिसा पतीच्या नोकरीवर अवलंबून आणि माहेर सातासमुद्रापार, हे या संस्थेने ओळखले. आज समाजातील अनेक घरांतील मुली परदेशात आहेत. म्हणूनच सहकार्य म्हणजे केवळ तिकडून पैसा येणे नव्हे. तिकडे संकटात सापडलेल्या मुलीची कागदपत्रे, वकील आणि परतीचा प्रवास यांसाठी इकडचे घर उपयोगी पडावे आणि तिकडच्या कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण इकडे मिळावे, ही खरी देवाणघेवाण होय.

भारतात २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. कलम ६ अन्वये पीडितेने, संरक्षण अधिकाऱ्याने अथवा सेवा पुरविणाऱ्या संस्थेने विनंती केल्यास निवारागृहाने आश्रय देणे बंधनकारक आहे. आधी तक्रार अहवाल आणा, असे म्हणून तिला परत पाठविता येत नाही. आणि तिची इच्छा असल्यास तिची ओळख गुप्त ठेवावी लागते. कलम १७ ने तिला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे निवारा हा तिच्या हक्काच्या घराला पर्याय नव्हे. तो हक्क मिळेपर्यंतचा सुरक्षित मुक्काम आहे.

असे घर आखताना इमारतीपेक्षा व्यवस्थेचा विचार आधी करावा लागतो. रात्री दोन वाजता दार कोण उघडणार? आईबरोबर बारा-तेरा वर्षांचा मुलगा असेल तर त्याची सोय कशी होणार? मुलांच्या शाळेचे दाखले, औषधोपचार, समुपदेशन, वकील, स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि पायावर उभे राहण्याइतके एखादे काम, ही साखळी पूर्ण असेल तरच निवारा उपयोगाचा. एरवी तो काही दिवसांचा मुक्काम ठरतो आणि स्त्री नाइलाजाने पुन्हा त्याच उंबरठ्याशी जाते. दोन खोल्या आणि चोवीस तास जागी असणारी एक प्रशिक्षित भगिनी, एवढ्यापासून आरंभ करता येतो. संगमरवराची घाई नसावी.

पैशाचा हिशेब चोख लागतो. परदेशी देणगीसाठी २०१० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीने ही रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घेणे बंधनकारक केले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई केली. नातेवाइकांनी परदेशातून भावनेच्या भरात साध्या खात्यात रक्कम पाठविली, तर उत्तम काम अडचणीत येऊ शकते. म्हणून नित्य खर्च, म्हणजे भोजन, वीज आणि सेविकांचे वेतन, स्थानिक देणग्यांतून व्हावा आणि परदेशी साहाय्य आरंभीची उभारणी व प्रशिक्षण यांपुरते असावे, हा मार्ग सुरक्षित आहे. एक डॉलरच्या त्या मंडळांप्रमाणे समाजातील प्रत्येक घराने ठराविक मासिक रक्कम दहा वर्षांसाठी लिहून दिली, तर बाहेरचा हात सुटला तरी घर चालत राहील.

शेवटी एक कठीण प्रश्न उरतो आणि तो पैशाचा नाही. समाजात चढावे बोलले जातात, दात्यांचे नामफलक लागतात आणि त्या चढाओढीतून मोठी कार्ये उभी राहिली आहेत. या घराला मात्र पाटी लावता येणार नाही. त्याचे उद्घाटन वाजतगाजत करता येणार नाही, पत्ता पत्रिकेत छापता येणार नाही, आश्रित भगिनींसह दात्यांचे छायाचित्रही काढता येणार नाही. पाटी लागली की पाठलाग करणाऱ्यालाही पत्ता मिळतो. शास्त्रकारांनी दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आणि गुप्तदानाचा महिमा गायला. या घराच्या निमित्ताने दोन्हींची परीक्षा एकाच वेळी होणार आहे.

ज्या ट्रस्टने पन्नास वर्षे पाट्यांसह कामे केली, त्याने एक्कावन्नाव्या वर्षी बिनपाटीचे एक काम हाती घ्यावे. कौशांबीत खरे सांगणाऱ्या त्या वृद्ध दासीचे नावही बहुतेकांना माहीत नसते, परंतु तिने तोंड उघडले म्हणून चंदनबाळेचे दार उघडले.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.