हवामानाचा पालट आणि जगाची तिजोरी



सिरसाळ्याच्या श्रोत्यांपुढे जागतिक बँकेच्या गोष्टी कशाला, असे आम्हांला येथे येताना एका स्नेह्यांनी विचारले. त्याचे उत्तर या परळी तालुक्यातच आहे. २०१५ साली परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. पुढे दहाच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच बीड जिल्ह्यात अतिवृष्टीने नद्या शिवारांत शिरल्या आणि उभे सोयाबीन व कापूस पाण्याखाली गेले. दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. परंतु पावसाचा हा लहरीपणा वाढत आहे, आणि कोळसा व तेल जाळून वातावरणात साठलेले वायू त्याचे एक मोठे कारण आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. परळीच्या धुराड्यांचाही त्यात वाटा आहे, हे आपण नाकारू नये. पण साठलेल्या कर्बवायूचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आणि भारतात आजही माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. मग या पालटाचा खर्च कोणी सोसायचा? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच.

प्रथम ही तिजोरी कशी उभी राहिली ते पाहू. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली आणि तीतून जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जन्मास आले. त्या परिषदेस गेलेल्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. मागासलेल्या देशांच्या विकासाची दखल या संस्थांनी घ्यावी, असा आग्रह आपल्या शिष्टमंडळाने तेथे धरला होता. १९४९ साली भारताने या बँकेकडून पहिले कर्ज घेतले, ते रेल्वेसाठी, ३ कोटी ४० लाख डॉलरचे. म्हणजे ही ओळख जुनी आहे. मात्र बँक ही बँकच. ती कर्ज देते आणि ते फेडून घेते.

हवामानाचा प्रश्न पुढे आला तो १९९२ साली, रिओच्या परिषदेत. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे, हे तत्त्व तेथील करारात लिहिले गेले. २००९ साली कोपनहेगन येथे धनिक राष्ट्रांनी वचन दिले की, २०२० पर्यंत गरीब राष्ट्रांसाठी दरसाल १०,००० कोटी डॉलर उभे करू. हे वचन पुरे झाले २०२२ साली, दोन वर्षे उशिरा. आणि त्या वर्षीच्या सरकारी पैशात शंभरातील सुमारे सत्तर डॉलर कर्जरूपाने होते! २०२४ साली बाकू येथे नवा आकडा ठरला : २०३५ पर्यंत दरसाल ३०,००० कोटी डॉलर. गरीब राष्ट्रांची मागणी १,३०,००० कोटींची होती. भारताच्या प्रतिनिधीने तेथेच उभे राहून हा आकडा मान्य नसल्याचे सांगितले.

आता हा पैसा आपल्या बांधापर्यंत कसा येतो ते पाहू. २०१८ साली जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. सुमारे ४,००० कोटी रुपयांच्या या योजनेत सात आणे-नऊ आणे अशी भागी नव्हे; शंभरातील सत्तर बँकेचे, तीस राज्याचे. आरंभी पंधरा जिल्ह्यांतील ५,१४२ गावे घेतली. त्यांत आपला बीड जिल्हा होता. गावोगाव ग्राम कृषी संजीवनी समित्या नेमल्या. शेततळी, ठिबक, फळबागा, रुंद सरी-वरंब्यावरची पेरणी यांना साह्य मिळाले. पुढे २१ जिल्ह्यांसाठी ६,००० कोटींच्या दुसऱ्या टप्प्यासही राज्याने मान्यता दिली.

या योजनेची निंदा करण्यासाठी आम्ही उभे नाही. शेततळ्यामुळे एक पीक वाचले तर घर वाचते, आणि उत्पन्न वाढवणारे कर्ज घेण्यात कमीपणा नाही. परंतु दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. एक, अनुदान बहुधा काम झाल्यावर खात्यात जमा होते. म्हणजे आधी पदरचे पैसे घालावे लागतात. ज्याच्यापाशी ते नाहीत, ज्याचा कोयता दिवाळीनंतर कारखान्याच्या फडात चालतो, तो या दारापाशीच अडतो. दुसरी, हे कर्ज शेवटी सरकार, म्हणजे आपण, फेडणार. दुसऱ्याच्या धुराने आपले पीक बुडाले, आणि सावरण्यासाठी मिळाले ते व्याजी कर्ज!

यावर आपल्याच राज्याने एकदा वेगळे उत्तर दिले होते. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली; १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे बीडच्या मजुराच्या हजेरीपटावर आले. मजुराला ते फेडायचे नव्हते. ती भीक नव्हती, कायद्याने दिलेला हक्क होता. जे मुंबई आणि बीड यांच्यामध्ये न्याय्य ठरले, ते श्रीमंत आणि गरीब राष्ट्रांमध्ये अन्याय्य कसे ठरेल? २०२२ साली शर्म अल-शेख येथे हानिपूर्तीच्या निधीचा निर्णय झाला, तो याच न्यायाला धरून. पण त्यात पैसा फार थोडा जमला, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच्या मंडळातून अंग काढून घेतले.

तेव्हा बाकूतील भांडण आपले प्रतिनिधी भांडतील. गावातले भांडण आपण भांडले पाहिजे. ग्रामसभेत विचारावे : आपल्या गावाच्या नावाने किती पैसा आला, त्यातील कर्ज किती, तळी कोणाच्या रानात झाली आणि कोणाच्या नाही? ऊसतोडीला गेलेल्यांची नावे यादीत आहेत का? हिशेब मागणे म्हणजे विरोध नव्हे. जगाकडे न्याय मागणाऱ्या माणसाने तो आधी आपल्या चावडीवर करून दाखवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.