निष्कर्ष नको, रीत सांगा

विज्ञानप्रसार म्हटलं की आपल्याकडे कृष्णविवरांची चित्रं, ग्रहणाचे चष्मे आणि ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ अशी सुरुवात असलेली वाक्यं डोळ्यांपुढे येतात. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत घातक वाटते. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ काय किंवा ‘महाराज म्हणतात’ काय, ऐकणाऱ्याने दोन्हीकडे मानच डोलवायची. विज्ञान सांगायचं तर एखादा दावा खरा की खोटा हे कसं ठरवलं, ते सांगायला हवं.

याचा उत्तम नमुना पुण्यातलाच आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलं आणि विशेष शाळांतली 100 मुलं, अशा 200 जणांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या मांडल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं. 27 जणांची उत्तरं आली. नुसतं नाणं उडवत बसलं तरी 40 पैकी सरासरी 20 उत्तरं बरोबर येतात. म्हणून यशासाठी किमान 28 ची अट होती. सर्वांत वरचा आकडा 24 निघाला, सरासरी 46 टक्के. हे 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. आता याला संशोधन म्हणाल की प्रसार? मला तरी त्यात भिंत घालता येत नाही. सोपं करताना विज्ञान पातळ होतं, हा आक्षेपही इथे टिकत नाही. संख्याशास्त्राला कुठेही मुरड घातलेली नाही, आणि तरी ते दहावीच्या मुलाला कळतं. उलट निव्वळ निष्कर्ष सांगणारा लेखच पातळ असतो, मग त्यात कितीही अवघड शब्द असोत.

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकांत रमणारा प्राध्यापक प्रयोगशाळेला मुकतो, असं विभागांतून कुजबुजत सांगितलं जातं. पण खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचंच बघा. त्यांची ‘कॉसमॉस’ ही दूरचित्रवाणी मालिका 1980 ची. अण्वस्त्रयुद्धानंतरच्या हिवाळ्यावरचा, त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला गाजलेला शोधनिबंध 1983 चा. तरीही 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारलं, आणि दोनच वर्षांनी त्याच अकादमीने त्यांना लोककल्याण पदक दिलं! वेळ जातो हे खरंच आहे. पण तो समित्या आणि अहवालांतही जातो. त्याबद्दल कुणी कुजबुजत नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामगिरीसाठी एपीआय गुण आणले आणि पदोन्नतीचा काटा शोधनिबंधांच्या संख्येकडे झुकला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं फावलं, आणि त्यांना आवर घालायला 2019 मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढावी लागली. जिथे पैसे देऊन छापलेला निबंधही गुण मिळवून देऊ शकतो, तिथे चाचणीची रीत नेटकेपणाने मांडणारा मराठी लेख किरकोळ ठरतो, हे मला मान्य नाही. विद्यापीठांनी असा लेख तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा आणि खरा उतरला तर त्याला शोधनिबंधाच्या पंक्तीला बसवावं.